आईबाबांचा बँड, मुलांचा बँड आणि नेरूळची ती रात्र

गाळा_नंबर_सात

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज विचारल्याशिवाय राहवत नाही.

आमचा बँड १९९६ सालचा. ठाण्यात कॉलेजला असताना चौघं जमलो. गिटार, बास, ड्रम्स आणि कीबोर्डवर मी. फार नाव झालं असं नाही. नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, ड्रमर तीन वर्षं मस्कतला होता, बासवाल्याने घोडबंदर रोडवर घर घेतलं आणि रोज हायवेवर दोन तास घालवू लागला. पण रविवारची सकाळ आम्ही कोणी सोडली नाही. वागळे इस्टेटमध्ये गिटारवाल्याच्या वडिलांचा एक गाळा आहे. पूर्वी तिथे बाटल्यांची झाकणं बनायची. मशीन विकल्यावर त्यांनी किल्ली आम्हाला दिली, तेव्हापासून तोच आमचा अड्डा. यंदा ३० वर्षं होतात.

आता मूळ मुद्दा. माझी मुलगी १७ वर्षांची, ड्रम्स वाजवते. गिटारवाल्याचा मुलगा १९ चा, तोही गिटार. त्यांनी शाळेतल्या दोन मित्रांना घेऊन बँड केलाय. गेल्या महिन्यात एका संयोजकाने विचारलं, तुमच्या तीस वर्षांच्या कार्यक्रमात मुलांचाही बँड ठेवू, "दोन पिढ्या एका मंचावर". आम्ही चौघं हरखून गेलो. मुलांनी सरळ नाही म्हटलं. लेकीचे शब्द जसेच्या तसे देते : "आई, आम्हाला तुमच्या आधी नको आणि तुमच्यानंतरही नको. आम्हाला वेगळा दिवस पाहिजे."

खरं सांगते, लागलं. डिसेंबर २०१९ मध्ये मीच तिला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला यूटू हा आयरिश रॉक बँड ऐकायला घेऊन गेले होते, तेव्हा ती ११ वर्षांची होती. सुरुवातीला ड्रमर लॅरी मलन एकटाच चालत आला, बसला आणि वाजवायला लागला. बाकीचे मागून आले. ठाण्याला परतताना गाडीत तिने मला सांगितलं की मला हे करायचंय. म्हणजे बी माझ्याच हातून पडलेलं आहे. मग आमच्याबरोबर उभं राहायला काय हरकत असावी?

मोठ्या बँडांच्या घरात हे कसं होतं? आणि तुमच्या घरात?

तलावपाळी

मुलांचं बरोबर आहे.

तुम्ही यूटूचं नाव काढलंच आहे तर त्यांच्याच घरातलं उदाहरण बघा. यूटूचा गायक बोनो, त्याचा मुलगा इलायजा ह्यूसन. त्याचा बँड इन्हेलर, डब्लिनमधल्या शाळेतल्या मित्रांचा. लहानपणी त्याला दमा होता, त्यावरून नाव पडलं. २०२१ च्या जुलैमध्ये पहिला अल्बम आला आणि आयर्लंड व ब्रिटन दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेला. मग २०२३ मध्ये दुसरा, २०२५ मध्ये तिसरा. आवाज ऐकला की बाप आठवतोच, त्याला इलाज नाही. पण चार मुलांनी स्वतःची गाणी घेऊन छोट्या छोट्या जागांपासून सुरुवात केली. ते "बोनोच्या मुलाचा बँड" म्हणून वडिलांच्या मंचावरून सुरू झाले असते तर बाकीच्या तिघांचं काय झालं असतं?

तुमच्या मुलीच्या बँडमध्येही दोन मुलं अशी आहेत ज्यांचे आईबाबा तुमच्या बँडमध्ये नाहीत. त्यांचा विचार करा.

गाळा_नंबर_सात

@तलावपाळी, त्या दोघांचा विचार खरंच माझ्या डोक्यात आला नव्हता. हे वाचून थांबले जरा.

नेरूळ_सेक्टर_सात

१५ डिसेंबर २०१९, रविवार! ताई, त्या रात्रीची आठवण काढलीत, आता थोडं लिहितोच.

माझं घर स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. २००८ मध्ये ते उघडलं तेव्हापासून आयपीएलच्या रात्री अंगवळणी पडल्या आहेत, पण त्या दिवशीची गर्दी निराळी होती. केस पांढरे झालेले लोक, अंगात काळे टी-शर्ट, नेरूळ स्टेशनपासून शांतपणे चालत येत होते. अनेकांच्या हाताला धरून मुलं. त्या बँडचा भारतातला तो पहिलाच कार्यक्रम आणि त्या जगभरच्या दौऱ्यातला शेवटचा. १९८७ चा अख्खा अल्बम त्यांनी ओळीने वाजवला. ज्या कॅसेटची बी बाजू मी अकरावीत रिवाइंड करून करून घासली होती, ती माझ्या घराशेजारी वाजत होती.

पण तुमच्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट पुढची आहे. ए. आर. रहमान मंचावर आला आणि त्याच्यासोबत त्याच्या मुली, खतीजा आणि रहीमा. रहमानचे वडील आर. के. शेखर हे मल्याळम चित्रपटांचे संगीतकार. ते १९७६ मध्ये गेले तेव्हा रहमान नऊ वर्षांचा होता आणि वडिलांची वाद्यं भाड्याने देऊन घर चाललं. त्याच १९७६ च्या सप्टेंबरमध्ये तिकडे डब्लिनमध्ये १४ वर्षांच्या लॅरीने शाळेच्या फळ्यावर "बँडसाठी मुलं हवीत" अशी चिठ्ठी लावली आणि त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात पहिली तालीम झाली. या दोन गोष्टी ४३ वर्षांनी नेरूळमध्ये एका मंचावर भेटल्या. मला अजून अंगावर काटा येतो.

म्हणून माझं मत तलावपाळींच्या उलट आहे. मुलांनी आईबाबांसोबत एकदा तरी उभं राहावं. पुढे राहून जातं.

जुनी_कॅसेट

धागा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, लांब लिहिणार.

आधी बँड टिकतो कशावर ते पाहू, पुढच्या पिढीचं नंतर. माझं ठाम मत आहे की बँड टिकतो वाटणीवर. यूटूने अगदी सुरुवातीला त्यांचा मॅनेजर पॉल मॅकगिनेसचा सल्ला ऐकला आणि पैशाची वाटणी चौघांत सारखी ठेवली. शब्द बहुतेक बोनोचे, सुरावट बऱ्याचदा एजच्या गिटारमधून निघालेली, तरी वाटा चौघांचा सारखा. हे गाणं कुणाचं, या वादावर किती बँड फुटले त्याची गणती नाही. यांनी तो वादच उपटून टाकला.

म्हणजे भांडणं झाली नाहीत असं नाही. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये, दोन जर्मनी एक होत होते त्या दिवसांत, ते बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत गेले. बोनो आणि एजला नवी यंत्रं, नाचाच्या संगीताचे ठेके हवे होते. लॅरी आणि बासवाल्या ॲडमला वाटत होतं की आपण आपलं वाजवणंच विसरतोय. कित्येक दिवस काही जमेना, बँड मोडतो की काय अशी वेळ आली. मग एका गाण्याच्या तुकड्यांशी खेळताना दुसरंच एक गाणं सापडलं आणि बँड वाचला. १९९३ मध्ये सिडनीला ॲडम दारूच्या नादात कार्यक्रमालाच उभा राहू शकला नाही, त्याच्या बासची देखभाल करणाऱ्या माणसाने त्या रात्री बास वाजवला. त्यानंतर ॲडमने दारू सोडली. बाकीच्या तिघांनी त्याला सोडलं नाही.

आणि तरीही वय कुणाला चुकत नाही. २०२३ मध्ये लास व्हेगासच्या स्फिअर या सभागृहात त्यांचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा लॅरी दुखण्यांमुळे नव्हता. डच ड्रमर ब्रॅम व्हॅन डेन बर्ग बसला. चाळीस कार्यक्रम तसेच झाले.

रोलिंग स्टोन्सचं बघा. १९६२ चा बँड. बिल वायमन तीस वर्षांनी बाहेर पडला, चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेला, आणि बँड अजून आहे. एप्रिल २००३ मध्ये मी त्यांना ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऐकलंय. तेव्हा त्यांचा गायक जॅगर साठीला टेकला होता आणि आम्ही म्हणत होतो, शेवटचंच बघून घ्या. २०२३ मध्ये त्यांनी नवा अल्बम काढला!

आपल्याकडे मुंबईत रॉक मशीन १९८४ मध्ये सुरू झाला. रंगभवन या खुल्या नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्यांवर बसून आम्ही त्यांना ऐकलंय. उदय बेनेगल, महेश टिनाईकर. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, १९९७ मध्ये थांबले, २०१० मध्ये परत जमले आणि २०१२ मध्ये नवा अल्बम केला. मधल्या तेरा वर्षांत त्यांना ऐकायला रंगभवनच राहिलं नव्हतं. शांतता क्षेत्राच्या नियमात ते बंद पडलं. म्हणजे टिकायला माणसं लागतात आणि जागाही लागते. ताई, तुमच्याकडे गाळा आहे, हे तुमच्या तीस वर्षांचं अर्धं उत्तर आहे.

स्पष्टवक्ता_दिवा

जागेचा विषय निघालाच आहे तर कटू बोलतो. राग मानू नका.

मी दिव्यात वाढलो. आमचा बँड होता, २००९ ते २०१२. जॅमरूमला ताशी पैसे मोजायचे, ड्रमरकडे स्वतःचा सेट नव्हता, घरी तो उशांवर सराव करायचा. दोन तासांतला पाऊण तास ट्यूनिंग आणि वायरींत जायचा. लोकलमधून गिटार घेऊन जाताना लोक काय बोलतात ते माझ्याकडून ऐका. शेवटी पैसे संपले म्हणून बँड संपला, दुसरं काही कारण नव्हतं.

तुमच्या मुलांना गाळा, अँप, ड्रमसेट, चार मोठी माणसं, ओळखीचा संयोजक, सगळं आयतं आहे. बोनोच्या मुलाचंही तेच. मेहनत नसते असं मी म्हणत नाही. पण ज्याला पडायला गादी आहे तो उंच उडी मारू शकतो. राजकारणात घराणेशाही म्हणून ओरडायचं आणि संगीतात "वारसा" म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

गाळा_नंबर_सात

@स्पष्टवक्ता_दिवा, राग कशाला. बरोबर बोललात. आमच्याकडे गाळा नसता तर आमचाही बँड १९९९ च्या आसपास संपला असता, हे आम्ही चौघंही जाणतो. तुमच्या ड्रमरने उशांवर केलेला सराव मी लेकीला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, पण वाचून झाल्यावर परत एकदा फोन मागून घेतला.

ताशा_आणि_स्नेअर

ड्रमरचा विषय आहे, मला राहवणार नाही.

मी ठाण्यात ढोलताशा पथकात ताशा वाजवतो आणि एरवी ड्रम्स. लॅरी मलन मला जवळचा वाटतो कारण त्याची सुरुवात मिरवणुकीच्या बँडातली आहे. डब्लिनच्या आर्टेन बॉईज बँडमध्ये गेला, केस काप म्हणाले, हा निघून आला. मग पोस्टाच्या कामगार संघटनेच्या बँडमध्ये वाजवू लागला. त्याच्या स्नेअर ड्रममध्ये ती लष्करी चाल अजून ऐकू येते. आमच्या पथकातून ड्रम्सकडे गेलेली मुलं मी लगेच ओळखतो, त्यांचा डावा हात बोलतो.

आता ड्रमरांच्या मुलांचं. लेड झेपलिनचा जॉन बॉनहॅम १९८० मध्ये गेला, त्याच्यासोबत बँडही थांबला. १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरीनात ते तिघं पुन्हा उभे राहिले तेव्हा मागे त्याचा मुलगा जेसन होता. बापाच्या जागेवर बसून बापाचंच वाजवायचं आणि सगळं जग मोजत बसलेलं. ते वाजवणं ऐका एकदा.

उलट रिंगो स्टारचा मुलगा झॅक स्टार्की बापाच्या नाही तर दुसऱ्याच बँडमध्ये गेला. द हूमध्ये १९९६ पासून. बीटल्सच्या ड्रमरचा मुलगा असून त्याने हूचा जुना ड्रमर कीथ मूनची जागा भरली. २०२५ मध्ये ते नातं तुटलं, पण जवळजवळ तीस वर्षं म्हणजे मूनपेक्षा कितीतरी जास्त.

तात्पर्य, तुमच्या लेकीला ड्रम्सवर तुमच्याशी कोणी तोलणार नाही, कारण तुम्ही कीबोर्ड वाजवता. गिटारवाल्याच्या मुलाचं ओझं जास्त आहे. नाही म्हणायची कल्पना त्याचीच असणार. विचारून बघा.

दोन_इंच_रॉकवूल

अवांतराबद्दल क्षमस्व. ताई, गाळ्याच्या भिंतींना काय लावलंय?

गाळा_नंबर_सात

अंड्यांचे ट्रे आणि जुन्या गाद्या. १९९७ पासून. :) बाजूच्या गाळ्यात रविवारी कोणी नसतं म्हणून चालून जातं.

दोन_इंच_रॉकवूल

वाटलंच! ट्रेमुळे आतला घुमारा थोडा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज अजिबात अडत नाही. आवाज अडवायला वजन लागतं. जिप्सम बोर्डाचे दोन थर, मागे पोकळी, पोकळीत रॉकवूल, आणि दाराच्या फटीला रबर. सगळ्यात जास्त आवाज दाराखालच्या फटीतून जातो, तिथून सुरुवात करा. ड्रमसेटखाली जाड रबरी मॅट टाका, किक ड्रमचा धक्का फरशीतून शेजाऱ्याकडे जातो. आणि ट्रे काढाच, कागदाचे आहेत, वायरिंगजवळ आग लागली तर भडकतील. मुलं तिथे एकटी बसणार असतील तर हे आधी करा. बँडचं काय ते नंतर बघू.

गाळा_नंबर_सात

हे आजच ग्रुपवर टाकते. मनापासून धन्यवाद.

कोपरखैरणे_गावठाण

आमच्या घरी तिसरी पिढी वाजवते, म्हणून लिहितो. रॉक नाही, बेंजो पार्टी.

आजोबा बेंजो वाजवायचे. तेव्हा इथे खाडी आणि भातशेती होती, सिडको यायची होती. बाबांनी ढोलकी धरली, पुढे कीबोर्ड आणला. मी ऑक्टोपॅड. आता माझा पुतण्या लॅपटॉपवर टोन बनवतो. आगरी-कोळ्यांची हळद म्हणजे रात्रभर वाजवायचं असतं, तिथे पब्लिक कोणाचा मुलगा ते बघत नाही. पाय थांबले की सुपारी संपली.

ताई, तुमच्या मुलीचं बोलणं वाचून मला माझी पहिली सुपारी, म्हणजे वाजवायचं पहिलं काम, आठवली. मी १६ वर्षांचा. बाबांच्या पार्टीत दोन वर्षं खंजिरी वाजवत होतो. एक दिवस घणसोलीला एकाच रात्री दोन हळदी आल्या. बाबा म्हणाले, दुसरी तू घे. मी म्हटलं, तुम्ही अर्धा तास तरी या. ते म्हणाले, "बाला, मी आलू तर ती तुझी नाय रायची." नाही आले. पहाटे पाचला घरी गेलो तर ओटीवर जागे बसले होते. विचारलं काय? "पोट भरून जेवलास ना?" वाजवण्याबद्दल एक शब्द नाही.

मला वाटतं त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन ऐकायचा मोह झाला असणार. माझ्या पोराची पाळी येईल तेव्हा मला तो आवरेल का, माहीत नाही.

नेरूळ_सेक्टर_सात

@कोपरखैरणे_गावठाण, हे वाचल्यावर मी वर जे लिहिलं त्याचा पुन्हा विचार करतोय. "पुढे राहून जातं" हे मी आईबाबांच्या बाजूने लिहिलं होतं.

मैफल_१९८३

रॉकवाल्यांच्या धाग्यात घुसतेय, पण घराण्यांचा विषय आपल्याकडे जुना आहे.

शिंदे घराणं घ्या. प्रल्हाद शिंदे, मग आनंद आणि मिलिंद, मग आदर्श आणि उत्कर्ष. तिन्ही पिढ्यांचे गळे वेगळे, ऐकणारे वेगळे. प्रल्हाददादांचा आवाज पहाटे देवळाच्या कर्ण्यावर ऐकलेली माझी आई, आणि आदर्शचं गाणं वरातीत नाचणारा माझा भाचा. एकच घर.

दुसरं उदाहरण वसंतराव देशपांडे यांचं. राहुल देशपांडे चार वर्षांचाही नव्हता तेव्हा आजोबा गेले. शिकला तो इतरांकडे, मुकुल शिवपुत्रांकडेही, म्हणजे कुमार गंधर्वांच्या मुलाकडे. एका घरचं दुसऱ्या घरातून फिरून आलं. आणि मग आजोबांनी "कट्यार काळजात घुसली" नाटकात गाजवलेली खाँसाहेबांची भूमिका त्याने रंगमंचावर केली, पण ती तिशीत. आधी स्वतःचा गळा, नंतर आजोबांची भूमिका.

ताई, मुलं "नाही" म्हणाली, "कधीच नाही" म्हणाली नाहीत.

जुनी_कॅसेट

@मैफल_१९८३, आदर आहे, पण तुलना पूर्ण पटत नाही. घराण्यात गुरूची बंदिश गाणं हाच मान. रॉकमध्ये बापाची गाणी वाजवली की तुम्ही कव्हर बँड, म्हणजे दुसऱ्यांचीच गाणी वाजवणारे, ठरता. गिटारवाला एडी व्हॅन हेलन, त्याचा मुलगा वूल्फगँग १६ व्या वर्षी बापाच्या बँडमध्ये बास घेऊन दौऱ्यावर गेला. २०२० मध्ये एडी गेल्यावर त्याने स्वतःचा बँड काढला, अल्बमवर सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि स्वतःच्या कार्यक्रमात वडिलांची गाणी वाजवायला नकार दिला. लोक ओरडतात, तो वाजवत नाही. मला त्याचा फार अभिमान वाटतो. रॉकमध्ये वारसा म्हणजे नकार द्यायची ताकद.

पाऊण_मात्रा

@जुनी_कॅसेट, अर्धंच सांगितलंत. त्याच वूल्फगँगने २०२२ मध्ये फू फायटर्स बँडचा ड्रमर टेलर हॉकिन्स याच्या स्मृतीच्या कार्यक्रमात वडिलांची गाणी वाजवली, आणि वाजवली कशी! नकार आणि होकार दोन्ही त्याचेच होते.

आणि गाणी सोडूनही खूप काही पुढे जातं. एजचंच घ्या. तो एक सूर छेडतो आणि डिले पेडल तोच सूर पाऊण मात्रेनंतर परत देतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पडसाद ३७५ वर. त्यामुळे तो वाजवतो आठ आणि ऐकू येतात सोळा. मधले सूर कोणी वाजवलेलेच नसतात. माझे वडील तबला शिकवतात, त्यांना हे ऐकवलं तर हातावर टाळी देत मोजू लागले आणि म्हणाले, "हा पोरगा रिकाम्या जागा ओळखतो." त्या माणसाने भावासोबत मिळून पहिली गिटार घरी बनवली होती, लाकूड तासून. आज जगात कुठल्याही चर्चमध्ये, कुठल्याही कॉलेजच्या बँडमध्ये तो पाऊण मात्रेचा डिले ऐकू येतो. वाजवणाऱ्याला बऱ्याचदा ठाऊकही नसतं की हे कुठून आलं. त्यातली एकही मुलं एजची नाहीत. पुढची पिढी घरातच शोधायची असं कुठे आहे?

स्पष्टवक्ता_दिवा

+१. हे पटलं.

बारावीनंतर_ऐरोली

मी १९ चा आहे. इथे सगळे आईबाबांच्या वयाचे दिसतात म्हणून लिहितो.

बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, मी बास वाजवतो. आमचा पहिला कार्यक्रम वाशीत झाला. मी बाबांना येऊ नका म्हणालो. त्यांची लाज वाटत होती म्हणून नाही. कारण आम्ही वाईट वाजवणार होतो, आणि ते मला माहीत होतं. पहिली पाच-सहा वेळा वाईटच वाजतं. जिथे लोक ऐकायला नाही तर तुलना करायला आलेत, तिथे चुकायला जागा नसते. काकू, तुमच्या तीस वर्षांच्या कार्यक्रमात तुम्ही चौघं डोळे मिटून वाजवाल आणि मुलं लगेच आधी किंवा नंतर. तुमचे मित्र, नातेवाईक समोर. सगळे "वा वा, किती गोड" म्हणतील. ते टोमण्यांपेक्षा वाईट असतं. आम्हाला गोड नको असतं.

बाबांना मी सातव्या कार्यक्रमाला बोलावलं. ते मागे उभे राहिले. घरी येताना ट्रान्स हार्बर लोकलमध्ये एवढंच म्हणाले, तिसऱ्या गाण्यात तू ड्रमरच्या पुढे पळत होतास. बरोबर होतं. मला पूर्ण कार्यक्रमात कोणी दिलेली ती सगळ्यात चांगली गोष्ट होती.

तलावपाळी

@बारावीनंतर_ऐरोली, धाग्यातला सर्वांत चांगला प्रतिसाद. आठव्या कार्यक्रमाची तारीख कळवा.

ताशा_आणि_स्नेअर

एक राहिलं होतं. टेलर हॉकिन्सच्या त्याच कार्यक्रमात, ३ सप्टेंबर २०२२, वेम्बली. टेलरचा मुलगा शेन १६ वर्षांचा. बापाच्या बँडसोबत, बापाच्या जागी बसून एक गाणं वाजवलं. तो ज्या जोराने ड्रम्स हाणतो ते बघताना मी प्रत्येक वेळी रडतो. तिथे तुलना कोणाच्या डोक्यातच नव्हती. काही मंच असे असतात जिथे मुलाने जायलाच हवं, पण ते ठरवून आखता येत नाहीत. देवाने ते कुणावर आणू नयेत.

गाळा_नंबर_सात

मंडळी, १२ दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद चौघांनी रविवारी गाळ्यात बसून मोठ्याने वाचले. वाजवलं काहीच नाही त्या दिवशी.

संयोजकांना आम्ही कळवलं की मुलं नाहीत, आम्हीच वाजवू. @ताशा_आणि_स्नेअर, तुमचा अंदाज खरा निघाला. नाही म्हणायची कल्पना गिटारवाल्याच्या मुलाचीच. बाप-लेक त्यावर अर्धा तास गच्चीवर बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

अंड्यांचे ट्रे उतरवले. दाराला रबर बसवलं, ड्रमसेटखाली मॅट. बोर्डाचं काम पुढच्या महिन्यात. शनिवार दुपार आता मुलांची. आणि @स्पष्टवक्ता_दिवा, बुधवार संध्याकाळ आम्ही अशा मुलांसाठी ठेवतोय ज्यांच्याकडे जागा नाही. फुकट. ही कल्पना लेकीची, तुमचा ड्रमर तिच्या डोक्यातून गेला नव्हता. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आता जे सांगायला आले ते. मागच्या आठवड्यातल्या शनिवारी संध्याकाळी लेक घरी आली ती गप्प. रात्री मी कणिक मळत होते, ओट्याला टेकून उभी राहिली. त्यांचा बासवाला सलग तीनदा उशिरा आला, गिटारवाल्याने त्याला सुनावलं, तो बास ठेवून निघून गेला. तिने विचारलं, "आई, तुम्ही भांडता तेव्हा काय करता?"

तीस वर्षांत तिने मला बँडबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. म्हणजे तिच्या सतरा वर्षांतला. मी सगळं सांगितलं. २००४ मध्ये आम्ही चार महिने बोलत नव्हतो ते. ड्रमर मस्कतला गेला तेव्हा दुसरा घ्यायचा की नाही यावरून मी गाळ्याची किल्ली फेकली होती ते. मग केलेला नियम : भांडण झालं की वाद्यं खाली ठेवायची, दिवे घालवायचे, चौघांनीही रोड नंबर २२ च्या टपरीवर जायचं, चहाचे पैसे ज्याचं चुकलं त्याने नाही तर ज्याचं बरोबर होतं त्याने द्यायचे. आणि मिळालेल्या पैशांचे नेहमी चार सारखे भाग, कोणी कमी वाजवलं तरी. ती कणकेचा गोळा तोडून हातात फिरवत ऐकत होती. दोनदा हसली.

काल शनिवार होता. बासवाला आला होता, असं कळलं. चहाचे पैसे तिने दिले, असंही कळलं.

कोपरखैरणे_गावठाण

ताई, डोळ्यात पाणी आणलंत. त्यांच्या पहिल्या कार्यक्रमाची तारीख टाका. आम्ही बेंजोवाले मागे उभे राहू, कोणाची मुलं ते बोलणार नाही.

दोन_इंच_रॉकवूल

बोर्डाच्या कामाला रविवारी मी येऊन बघून जातो, वागळेत माझं येणंजाणं असतं. छताचं विसरू नका. गाळ्याला पत्रे आहेत की स्लॅब?

गाळा_नंबर_सात

पत्रे. पावसात आम्हाला आमचंच ऐकू येत नाही. या नक्की, सकाळी दहानंतर.

@कोपरखैरणे_गावठाण, तारीख ठरलेली नाही. गाणी ठरलीत, सहा. त्यातलं एकही मी अजून पूर्ण ऐकलेलं नाही.